गायब होण्याचे इंग्रजी शब्द: कुठे कोणता आणि का

मराठीत 'गायब झालं' म्हटलं की बोलताना काम भागतं. डाग गायब, पाकीट गायब, पूर गायब, सूज गायब, कालपर्यंत भेटणारा मित्रही गायब. ऐकणाऱ्याला संदर्भ माहीत असतो, त्यामुळे अडत नाही. इंग्रजी नव्याने शिकणारा हा एकच शब्द उचलतो, त्याला 'डिसअपिअर' चिकटवतो आणि पाचही ठिकाणी वापरतो. डागाला तो चालतो. पाकिटाला चालतो, पण कुणीतरी मारलं असावं असा वास येतो. पुराला आणि सुजेला विचित्र वाटतो. मित्राच्या बाबतीत तर ऐकणारा दचकतो, पोलिसांत तक्रार केली का म्हणून विचारतो.

चूक शब्दसंग्रहाची कमी, सुरुवात कुठून केली याची जास्त आहे. 'गायब'वरून थेट इंग्रजीत उडी मारू नका.

पायरी 1: आधी मराठी वाक्य नेमकं करा

'गायब' खोडा आणि त्या जागी नेमकं मराठी क्रियापद लिहा. पूर ओसरतो. धुकं विरतं. रंग उडतो. साखर विरघळते, बर्फ वितळतो. झरा आटतो. प्राणी नामशेष होतो, प्रथा लोप पावते. औषधाचा अंमल उतरतो. पैसे घेऊन माणूस पसार होतो, सभेतून काढता पाय घेतो, गर्दीत दिसेनासा होतो. हे सगळे फरक आपल्याला लहानपणापासून येतात, आणि इंग्रजीतले फरक बरेचसे याच धर्तीचे आहेत. मराठी क्रियापद नेमकं सापडलं की अर्धं काम झालं.

मग तीन प्रश्न विचारा. एका झटक्यात गेलं की हळूहळू? ती वस्तू आता दुसऱ्या रूपात किंवा दुसऱ्या जागी आहे, की कुठेच नाही? आपोआप गेलं की कुणी घालवलं? यातला दुसरा प्रश्न बहुतेकजण विसरतात, आणि सर्वांत जास्त चुका तिथेच होतात.

पायरी 2: डिसअपिअर आणि व्हॅनिश पक्के करा

'डिसअपिअर' म्हणजे दिसणं थांबणं. 'अपिअर'ला 'डिस' जोडून तो झाला आहे. स्पेलिंगही तसंच लक्षात ठेवा: आधी डी-आय-एस, मग पूर्ण 'अपिअर'. म्हणजे एस एकदा आणि पी दोनदा. दोन एस आणि एक पी लिहिणं ही नेहमीची चूक आहे. हा शब्द वेगाबद्दल काही सांगत नाही. 'द स्टेन डिसअपिअर्ड ग्रॅज्युअली' बरोबर, 'सडनली' लावलं तरी बरोबर.

'व्हॅनिश'मध्ये झटका अंगभूत आहे. आत्ता होतं, आत्ता नाही, आणि कसं गेलं ते कळलं नाही. त्यामुळे जादूगाराच्या हातातलं नाणं 'व्हॅनिश' होतं. हा शब्द लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे आला आणि त्याच्या मुळाशी 'रिकामा' या अर्थाचा 'व्हानुस' आहे. 'व्हेन', म्हणजे व्यर्थ, हाही त्याच कुळातला. मागे रिकामी जागा उरते, ही या शब्दाची छटा. 'व्हॅनिशिंग क्रीम' हे नाव पडलं ते चोळल्यावर त्वचेवर काही दिसत नाही म्हणून. चित्रकलेत रेल्वेचे समांतर रूळ दूरवर जिथे मिळाल्यासारखे दिसतात तो 'व्हॅनिशिंग पॉइंट'. गणितात एखादं फल (फंक्शन) 'व्हॅनिशेस ॲट झीरो' असं वाचलं तर फल कुठेही पळालेलं नसतं. एक्सची किंमत शून्य असताना फलाची किंमत शून्य होते, एवढाच अर्थ. विज्ञान शाखेचे विद्यार्थी इथे हमखास अडखळतात, कारण शब्दकोशातला पहिला अर्थ इथे लागूच पडत नाही.

आता व्याकरण, कारण या दोन शब्दांच्या बहुतेक चुका अर्थाच्या नसून रचनेच्या असतात. दोन्ही अकर्मक आहेत. 'कुणीतरी माझं पेन गायब केलं' याचं 'समवन डिसअपिअर्ड माय पेन' होत नाही. 'समवन टुक माय पेन' म्हणा, किंवा जादूचाच भाव हवा असेल तर 'मेड इट डिसअपिअर'. दुसरी चूक 'माय पेन इज डिसअपिअर्ड'. ही आपल्या 'पेन गायब आहे'वरून येते. इथे एक सोपा नियम उपयोगी पडतो. मराठी वाक्य 'आहे'ने संपत असेल तर 'इज मिसिंग' किंवा 'इज गॉन'. 'झालंय'ने संपत असेल तर 'हॅज डिसअपिअर्ड'.

मागे येणारे छोटे शब्दही पाठ करा. नजरेआड होणं म्हणजे 'डिसअपिअर फ्रॉम व्ह्यू', गर्दीत मिसळणं 'इनटू द क्राउड', ढगाआड जाणं 'बिहाइंड अ क्लाउड'. 'हवेत विरलं' म्हणतो त्याच्या अगदी जवळचं 'व्हॅनिश इनटू थिन एअर'. मागमूसही न उरणं याला ब्रिटिश लोक 'विदाउट ट्रेस' म्हणतात, अमेरिकी 'विदाउट अ ट्रेस'. दोन्ही चालतं, फक्त एका लेखात एकच ठेवा.

'दिसत नाही' आणि 'नाही' यांतही फरक ठेवा. वस्तू तिथेच असून दिसत नसेल तर 'इनव्हिजिबल'. हवा 'इनव्हिजिबल' आहे, ती 'डिसअपिअर' झालेली नाही.

पायरी 3: हळूहळू जाणाऱ्या गोष्टी

'फेड' हा रंग, प्रकाश, आवाज, आठवण आणि आशा यांचा शब्द. पडदा उन्हाने फिका पडला तर तो 'फेडेड', पण अजून आहे. पूर्ण जायचं असेल तर 'फेड अवे' म्हणा. डाग धुतल्यावर फिकट झाला आणि तुम्ही 'डिसअपिअर्ड' म्हणालात, तर ते खोटं विधान ठरतं.

'डाय' या एका क्रियापदाला जोडलेले चार छोटे शब्द वेगळे करून घ्या, कारण यांची सरमिसळ सगळीकडे दिसते. 'डाय डाउन' म्हणजे जोर कमी होणं: वारा, गोंगाट, ज्वाळा. गोष्ट संपलेली नसते. 'डाय अवे' म्हणजे विरत विरत ऐकू येईनासं होणं, मुख्यतः आवाजासाठी. 'डाय ऑफ' म्हणजे एकामागून एक मरत जाणं: झाडं, मासे, मधमाश्या. 'डाय आउट' म्हणजे शेवटचाही गेला. आगीबद्दल बोलताना विशेष जपा. 'द फायर डाइड डाउन' म्हणजे ज्वाळा बसल्या, निखारे अजून आहेत. विझली असेल तर 'द फायर वेंट आउट'. सुरक्षेच्या सूचनेत ही गल्लत झाली तर माणूस निखाऱ्यावर हात ठेवेल.

'ड्विंडल' म्हणजे घटत जाणं. शिल्लक, गर्दी, पाठिंबा यांसाठी. तो शून्यावर पोचतोच असं नाही. पोचवायचा असेल तर 'ड्विंडल टु नथिंग'. 'पीटर आउट' 19व्या शतकातल्या अमेरिकी खाणकामगारांच्या बोलीतून रुळला. धातूची शीर बारीक होत होत संपते, ती 'पीटर्स आउट'. म्हणून आजही जंगलात पुसट होत संपणाऱ्या पायवाटेला आणि रेंगाळत संपलेल्या संभाषणाला तो शोभतो. 'फिझल आउट'मध्ये अपेक्षाभंग असतो: गाजावाजा झाला आणि फुसका बार निघाला. बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडून आवाज बारीक झाला, तर 'हर व्हॉइस ट्रेल्ड ऑफ'.

पायरी 4: रूप बदलून जाणाऱ्या गोष्टी

इथे वर सांगितलेला दुसरा प्रश्न कामाला येतो. वस्तू नष्ट झालेली नसते, रूप बदललेलं असतं.

'मेल्ट' म्हणजे वितळणं, त्याला उष्णता लागते. 'डिझॉल्व्ह' म्हणजे विरघळणं, त्याला दुसरा द्रव लागतो. मीठ 801 अंश सेल्सिअसला 'मेल्ट' होतं, पण ग्लासभर साध्या पाण्यात 'डिझॉल्व्ह' होतं. मराठीत ही दोन क्रियापदं वेगळी आहेत, हा आपला फायदाच आहे. उच्चारात मात्र लक्ष द्या: 'डिसअपिअर'मध्ये स आहे, 'डिझॉल्व्ह'मध्ये झ.

द्रवाची वाफ होऊन उडून जाणं म्हणजे 'इव्हॅपोरेट'. उकळणं वेगळं. ओला कपडा दोरीवर वाळतो ते पाण्याच्या 'इव्हॅपोरेट' होण्यामुळेच, आणि त्यासाठी पाणी उकळावं लागत नाही. कापूर घन अवस्थेतून थेट उडून जातो. त्याला शास्त्रीय लेखनात 'सब्लाइम' हे क्रियापद आहे. डब्यावर 'इव्हॅपोरेटेड मिल्क' लिहिलेलं दिसलं तर दूध उडालेलं नसतं. दुधातलं सुमारे 60 टक्के पाणी काढून टाकलेलं असतं.

लाक्षणिक अर्थांत यांच्या जोड्या ठरलेल्या आहेत आणि त्या मोडल्या की वाक्य उपरं वाटतं. आत्मविश्वास, आशा, पाठिंबा, नफा हे 'इव्हॅपोरेट' होतात. गर्दी 'मेल्ट्स अवे', म्हणजे कुणी न हाकलता पांगते. पोलिसांनी पांगवली तर 'डिस्पर्स'. संसद आणि भागीदारी 'डिझॉल्व्ह' केली जाते, आणि इथे कर्मणी प्रयोग योग्य आहे: 'पार्लमेंट वॉज डिझॉल्व्ह्ड'. संसद 'मेल्ट' झाली असं कुणी लिहीत नाही. रडू कोसळलं तर 'शी डिझॉल्व्ह्ड इनटू टिअर्स'. उष्णता, धूर, ताण विखरून कमी होतात तेव्हा 'डिसिपेट'.

नामं करताना एक खड्डा आहे. 'डिझॉल्व्ह'चं नाम संसदेसाठी 'डिसोल्यूशन', पण साखरपाण्याच्या मिश्रणाला 'सोल्यूशन'. 'डिसअपिअर'चं 'डिसअपिअरन्स'. 'व्हॅनिश'ला रोजच्या वापरातलं वेगळं नाम नाही, तिथेही 'डिसअपिअरन्स'च वापरा.

पायरी 5: हवामान आणि शरीर

हे दोन विषय एकत्र घेतले, कारण त्यांचे शब्द बरेचसे सामाईक आहेत. 'सबसाइड' म्हणजे ओसरणं: पूर, सूज, वेदना, हशा. मात्र जमीन 'सबसाइड' झाली तर ती खचली. 'रिसीड' म्हणजे मागे हटणं: पुराचं पाणी, धोका, कपाळावरून मागे सरकणारे केस. धुकं 'लिफ्ट' होतं. आकाश आणि धूर 'क्लिअर' होतो, त्वचाही 'क्लिअर्स अप'. वादळ 'ब्लोज ओव्हर', आणि चार दिवस गाजून थंडावलेला वादही.

रोजच्या बोलण्यात सुजेला 'गो डाउन' आणि दुखण्याला 'गो अवे' हेच स्वाभाविक. डॉक्टरांशी बोलताना 'माय स्वेलिंग हॅज व्हॅनिश्ड' म्हणालात तर ती चमत्कारासारखी गेली असं ऐकू येईल. 'वेअर ऑफ' नीट शिका, तो फार कामाचा आहे. औषधाचा, भुलीचा, उत्साहाचा अंमल उतरणं म्हणजे 'वेअर ऑफ'. 'द पेनकिलर इज वेअरिंग ऑफ' म्हणजे गोळीचा परिणाम संपत आलाय, दुखणं परत येईल. घासून झिजणं 'वेअर अवे', वापरून फाटणं 'वेअर आउट'. एका छोट्या शब्दाने वाक्य औषधावरून चपलेवर जातं.

पायरी 6: जगातूनच गेलेल्या गोष्टी

प्राणी, वनस्पती, भाषा, चालीरीती यांच्यासाठी 'डाय आउट', आणि औपचारिक लेखनात 'बिकम एक्स्टिंक्ट'. 'एक्स्टिंक्ट' हे विशेषण आहे, क्रियापद नाही, म्हणून 'द डोडो एक्स्टिंक्टेड' चूक. पॅसेंजर पिजन या कबुतराच्या जातीतली शेवटची मादी 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. वाक्य असं होईल: 'द पॅसेंजर पिजन बिकेम एक्स्टिंक्ट इन 1914.' ती एक मादी मात्र 'डाइड'. 'एक्स्टिंक्ट' जातीला लागतो, एका जिवाला नाही. माणसाच्या निधनाला तो लावणं अपमानास्पद वाटेल.

भाषेच्या बाबतीत आणखी एक भेद आहे. लॅटिन 'डेड लँग्वेज' आहे, कुणाची मातृभाषा नाही, पण वाचली-शिकवली जाते. उबिख ही कॉकेशसमधली भाषा शेवटच्या अस्खलित भाषकाबरोबर 1992 मध्ये गेली, ती 'एक्स्टिंक्ट'. एकेकटा शब्द वापरातून गेला तर शब्दकोशात त्याला 'ऑब्सोलीट' म्हणतात. जुनाट वाटत असूनही कुठे कुठे दिसतो तो 'आर्केइक'. यंत्रालाही 'ऑब्सोलीट' लागतो. यंत्र धड चालत असेल, पण त्याचा काळ गेला.

आता तिसरा प्रश्न: कुणी घालवलं? इथे सकर्मक क्रियापदं लागतात, आणि वैद्यकात त्यांचे अर्थ काटेकोर आहेत. 'इरॅडिकेट' लॅटिनमधल्या 'मूळ' या अर्थाच्या शब्दावरून आला, म्हणजे समूळ उच्छेद. देवी हा रोग जगभरातून गेल्याचं जागतिक आरोग्य सभेने 8 मे 1980 रोजी जाहीर केलं, म्हणून 'स्मॉलपॉक्स वॉज इरॅडिकेटेड'. मात्र विषाणू 'एक्स्टिंक्ट' झाला असं लिहू नका. त्याचे नमुने अमेरिका आणि रशियातल्या एकेका प्रयोगशाळेत आजही राखलेले आहेत. एखाद्या देशापुरता किंवा प्रदेशापुरता संसर्ग थांबवला तर तो 'एलिमिनेट'. आरोग्याच्या बातम्यांचं भाषांतर करताना हे दोन शब्द उलटेसुलटे झाले की बातमीच चुकते.

ठरवून, टप्प्याटप्प्याने वापरातून काढणं म्हणजे 'फेज आउट'. शिसंयुक्त पेट्रोल जगभर असंच गेलं. 2021 मध्ये अल्जीरियाने ते थांबवलं आणि रस्त्यावरच्या वाहनांसाठी त्याची विक्री सगळीकडून संपली. इथे 'डाय आउट' लिहिलं तर त्यामागचे सरकारी निर्णय आणि अनेक वर्षांचे प्रयत्न वाक्यातून पुसले जातात.

पायरी 7: माणसं

इथली चूक नुसती भाषेची राहत नाही. तिने एखाद्यावर आरोप होतो, कुणाच्या दुःखावर पाय पडतो. म्हणून इथे घाई नको.

'मुलगा हरवला' याची दोन भाषांतरं होतात. मुलगा रस्ता चुकलाय, स्वतःला कळतंय, फोनही करतोय: 'ही इज लॉस्ट'. घरचे शोधताहेत, पत्ता नाही: 'ही इज मिसिंग', आणि घटना म्हणून 'ही वेंट मिसिंग'. पोलिसांच्या कागदावर 'मिसिंग पर्सन'. 'मिसिंग'मध्ये गुन्हा किंवा दोष गृहीत नसतो.

'ॲबस्कॉन्ड'मध्ये दोष असतो. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ लपवणं. कायद्यापासून किंवा जबाबदारीपासून गुपचूप पळणं, म्हणजे आपलं 'फरार'. पैसे घेऊन पळाला तर 'ॲबस्कॉन्डेड विथ द मनी', कोठडीतून पळाला तर 'फ्रॉम'. न कळवता कामावर न आलेल्या माणसाला 'ॲबस्कॉन्डिंग' लिहिण्याची सवय आपल्याकडच्या कार्यालयांत आहे. इतर देशांतला वाचक त्यावरून अफरातफरीचा संशय घेईल. तो माणूस कदाचित आजारी असेल. 'ॲबसेंट विदाउट नोटिस' लिहा.

जीव वाचवण्यासाठी पळणं 'फ्ली'. कुणाच्या लक्षात न येता निघून जाणं 'स्लिप अवे', चोरपावलांनी सटकणं 'स्नीक ऑफ'. सैन्यातल्या 'ॲबसेंट विदाउट लीव्ह'च्या आद्याक्षरांतून 'गो एवॉल' आला, आणि आता बेपत्ता फाइलींनाही गमतीने लागतो. 'गो टु ग्राउंड' शिकारीतून आला: पाठलाग होताना कोल्हा बिळात शिरतो. दडी मारणं हा त्याला तंतोतंत मराठी शब्द.

संपर्क अचानक तोडून, निरोप-उत्तर बंद करून नाहीसं होणं म्हणजे 'घोस्ट'. हा सकर्मक आहे: 'ही घोस्टेड मी'. लेखाच्या सुरुवातीला आलेल्या मित्राला हाच शब्द हवा होता. फार दिवस भेट नसेल, भांडण नसेल, तर तोही नको. 'आय हॅवन्ट सीन हिम लेटली' पुरेसं.

'डिसअपिअर' अकर्मक आहे असं वर सांगितलं. त्याला एक गंभीर अपवाद आहे. अर्जेंटिनात 1976 ते 1983 या लष्करी राजवटीत हजारो लोकांना पकडून नेलं आणि त्यांचा ठावठिकाणा नाकारला गेला. स्पॅनिशमध्ये त्यांना 'देसापारेसिदोस' म्हणतात, इंग्रजीत 'द डिसअपिअर्ड'. या अर्थाने 'ही वॉज डिसअपिअर्ड' असा कर्मणी प्रयोग रूढ झाला, आणि तो सत्तेने माणूस नाहीसा केल्याचा आरोप आहे. संयुक्त राष्ट्रांनी अशा सक्तीच्या बेपत्ता करण्याविरुद्धचा करार 20 डिसेंबर 2006 रोजी स्वीकारला. चष्मा सापडत नाही हे सांगताना 'वॉज डिसअपिअर्ड' चुकूनही लिहू नये, ते व्याकरणासाठी आणि त्याहून जास्त या अर्थासाठी.

'ही इज गॉन' बोलताना थांबा. घरी गेलाय, एवढंच सांगायचं असेल तर 'ही हॅज लेफ्ट' किंवा 'ही हॅज गॉन होम' म्हणा. नुसतं 'गॉन' ऐकून समोरचा मृत्यूची बातमी समजू शकतो. निधनासाठी सौम्य शब्द 'पास्ड अवे'.

पायरी 8: संपणं आणि आटणं

साठा संपला तर 'रन आउट'. 'दूध संपलं' हे दोन तऱ्हांनी सांगता येतं: 'द मिल्क हॅज रन आउट' किंवा 'वी हॅव रन आउट ऑफ मिल्क'. माणूस कर्ता असेल तर 'ऑफ' हवाच. विहीर, झरा, निधी, काम यांचा ओघ थांबला तर 'ड्राय अप'.

सराव

उत्तर झाकून स्वतः करून पाहा. 'भुलीचा अंमल उतरतोय': 'वेअरिंग ऑफ'. 'ओरड थांबली नाही, पण कमी झाली': 'डाइड डाउन'. 'पायवाट पुढे संपत गेली': 'पीटर्ड आउट'. 'फाइल जागेवर नाही': 'इज मिसिंग'. 'पूर ओसरला': 'सबसाइडेड' किंवा 'रिसीडेड'. 'निरोप 24 तासांनी आपोआप पुसले जातात': इथे 'डिसअपिअर'च योग्य, व्हॉट्सॲपनेही या सोयीला 'डिसअपिअरिंग मेसेजेस' असंच नाव दिलंय. 'खजिनदार वर्गणी घेऊन गायब': पोलिसांत नोंद झाली असेल आणि पैसे नेल्याचं सिद्ध असेल तर 'ॲबस्कॉन्डेड विथ'. तोपर्यंत फक्त 'कॅनॉट बी फाउंड'.